दहा ते चार बाग बंद

गेल्या गुढीपाडव्याला, दुपारी पावणेबारा वाजता, नाशकातल्या भाजीबाजारामागच्या सार्वजनिक बागेतून माझ्या आईला उठवलं.

तिने काही केलं नव्हतं. सायखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथून ती पहाटे टेम्पोत झेंडूच्या पोत्यांवर बसून आली होती. बाजाराच्या कडेला, तिच्या नेहमीच्या जागेवर बसून तिने तोरणं ओवली आणि विकली. माल संपला. परतीची बस तीनला. फाटक उघडं दिसलं म्हणून मधला वेळ काढायला ती बागेत कडुनिंबाखालच्या बाकावर बसली. रिकामी पाटी शेजारी पालथी घातली. मी शहरात खोली घेऊन राहते, तिथून सणाचा म्हणून श्रीखंडपुरीचा डबा घेऊन गेले होते. तिने पहिला घास घेतला आणि वॉचमन आला.

"मावशी, उठा. टाइम झाला."

"कसला टाइम?"

"बागेचा. दहालाच बंद होती. आज सणाचं म्हणून मी जरा उशिरानं कुलूप लावतोय."

"बरं, उठते. आधी तिकडं जाऊन येते," आई म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या संडासाकडे हात केला.

वॉचमन खाली बघत म्हणाला, "त्याला बी कुलूप हाय मावशी. किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडं. तो सकाळी येत नाय, थेट चारला येतो."

आईने डब्याला झाकण लावलं. मी भांडायला तोंड उघडलं, तर तिने माझा दंड धरला. वॉचमन कंत्राटी आहे, साठीला आलेला आहे, आणि त्याच्यावर ओरडून काय मिळतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही बाहेर आलो, त्याने फाटक ओढलं. फाटकाला झेंडूचं ताजं तोरण बांधलेलं होतं. आईनेच ओवलेलं. सकाळी तोच तिच्याकडून घेऊन गेला होता.

बाजाराच्या दिवशी आई पाणी पीत नाही. आदल्या रात्री जेवताना शेवटचा पेला, त्यानंतर दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर. ही तिच्या एकटीची तऱ्हा नाही. तिच्या रांगेत बसणाऱ्या सगळ्या जणी असंच करतात, शेजारची मेथीवाली, पलीकडची लिंबंवाली, सगळ्या. पुरुष भिंतीकडे तोंड करतात, यांनी कुठे जायचं? पूर्वी ही बाग दिवसभर उघडी असायची. गंजकं फाटक, उखडलेल्या फरशा, पण आत सावली होती, नळ होता, कडी लागणारा संडास होता. बायका आळीपाळीने जाऊन यायच्या. एक गेली की दुसरी तिचा माल सांभाळायची. मग बागेचं सुशोभीकरण झालं. कारंजं आलं, रंगीत दिवे आले, सिमेंटचं हरीण आलं आणि फाटकावर पाटी आली: सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ. म्हणजे चालायला येणाऱ्यांची वेळ धरली, पोरं खेळवणाऱ्यांची धरली. जिला दुपारी टेकायला जागा नाही, तिची तेवढी सोडली. तेव्हापासून आईला उन्हाळी लागायला लागली, जाताना आग. धन्याचं पाणी, सब्जा, सगळं करून झालं. आग कमी व्हायची आणि पुढच्या बाजाराला परत सुरू.

ही आग बंद झालेली मी एकदाच पाहिली. त्या पाडव्याच्या आदल्या जूनमध्ये, तीन आठवडे, व्हिएन्नात.

माझी ताई तिथे नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेर तिच्याकडे गेलं. आईने झेंडूची रोपं वडिलांच्या हवाली केली, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या धुवट साड्यांची दुपटी बांधली, आणि आई एकटी विमानात बसणार नाही म्हणून मी तिच्यासोबत गेले. तिथे तिने शहराचं नाव एकदाही घेतलं नाही. तिच्या लेखी ते 'तायडीचं गाव'.

सकाळी बाळाला तेल लावून अंघोळ, ताईला शेक, सगळं अकरापर्यंत आवरायचं. मग ताई आम्हाला घराबाहेर काढायची. "आई, तू घरात थांबलीस की दर तासाला मला काहीतरी पाजतेस. तीनपर्यंत येऊ नका. मला आणि पोरीला झोपू दे." त्यामुळे अकरा ते तीन आम्ही बागांमध्ये असायचो. तेच तास, जे नाशकात कुलपात असतात.

लोक व्हिएन्नाला राजवाडे आणि संगीत बघायला जातात. आम्ही राजवाडे बाहेरूनच पाहिले. त्यांच्या बागा मात्र एकेक करून बसून पाहिल्या. राजवाड्यालगत एक गुलाबाची बाग आहे, फोल्क्सगार्टन. नावाचा अर्थच लोकांची बाग. कुठली खिडकी नाही, तिकीट नाही. रांगेने उंच खोडावर कलम केलेले गुलाब, आणि बऱ्याच झाडांना छोट्या पाट्या. कुणी लग्नाच्या वाढदिवसाला, कुणी गेलेल्या माणसाच्या आठवणीला झाड दत्तक घेतलेलं. आईला मी एक पाटी फोनवर भाषांतर करून सांगितली. कुणीतरी आपल्या आईसाठी झाड लावलं होतं.

"आई मेल्यावर?"

"हो."

"मग जिवंतपणी काय दिलं असंल कुणास ठावं," आई म्हणाली आणि पुढे गेली.

त्याच बागेत दुसऱ्या दिवशी तिने घोळ घातला. मी पाण्याची बाटली भरायला नळावर गेले होते. परत येऊन बघते तर आईने ताईचा स्कार्फ कमरेला बांधून त्याची झोळी केलेली, आणि ती वाफ्यात शिरून दोन्ही हातांनी फुलं तोडतेय. फुलशेतीतली बाई तोडणीला उभी राहिली की तिचं डोकं थांबतं, हात चालतात. दोन झाडं करून ती तिसऱ्यावर गेली होती.

"आई, अगं काय करतेस? बाहेर ये."

"अगं, ही वाळलेली तशीच ठेवलीत. झाडाचा जीव जातो यात. खुडली की नवा फुटवा येतो. किती दिवस बघत बसू?"

तेवढ्यात हिरव्या डांगरीतली माळीण ढकलगाडी घेऊन आलीच. उंच, उन्हाने नाक लाल झालेलं. दंड, पोलीस, ताईची नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे. माळणीने झोळीत हात घालून बघितलं, सगळी सुकलेलीच फुलं होती. तिने झोळी गाडीत रिकामी करायला लावली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्पष्ट सांगितलं की असं करायचं नाही, वाफ्यात यायचं नाही, हे आमचं काम आहे. आवाज चढला नाही, पण गोडही नव्हता. शेवटी तिने बाकाकडे बोट दाखवून दोन शब्द म्हटले आणि ती निघून गेली.

आई स्कार्फ झटकत म्हणाली, "काय म्हणली?"

"बस म्हणाली."

"कुठं?"

"इथेच. बाकावर."

"मग आलीच कशाला रागावायला," आई म्हणाली आणि ऐसपैस बसली. बूट काढले, मांडी घातली.

मला तो क्षण पुढे फार छळणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं. तिथे तिने खरोखर नियम मोडला आणि तिला बस म्हणाले. इथे तिने काही मोडलं नाही आणि तिला ऊठ म्हणाले.

राजवाड्याच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक बाग आहे, बुर्गगार्टन. तिथे भरदुपारी लोक गवतावर आडवे पडलेले. इस्त्रीचे कपडे घातलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोक्याखाली बूट. आईला वाटलं, कामधंदा नसलेली माणसं. ही जेवणाची सुट्टी आहे असं मी सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. आम्ही घरी आल्यावर ताईने सांगितलं की या गवतावर बसायला एकेकाळी बंदी होती. तरुण पोरं मुद्दाम येऊन बसायची, पोलीस फरपटत काढायचे, ती परत यायची. कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली. गवत आपोआप कुणाला मिळालेलं नाही. हे मी तिथल्या कौतुकासाठी नाही, नेमकेपणासाठी लिहितेय.

तिसरी बाग जरा लांब, आउगार्टन. सरळ रेषेत लावलेली चेस्टनटची झाडं आणि मधेच युद्धातले काँक्रीटचे अजस्र मनोरे, अजून पाडलेले नाहीत. ही जागा आधी राजघराण्याची. मग एका राजाने ती सगळ्यांना उघडली आणि फाटकावर कोरून घेतलं की ही सगळ्या माणसांच्या विरंगुळ्यासाठी आहे. मी आईला फाटकाखाली उभं करून वाचून दाखवलं.

"सगळ्या माणसांच्या. त्यात बाया धरल्यात ना?"

"धरल्या असतील."

"असतील," ती म्हणाली.

पण ज्याने आईला खरं पटवलं तो भेटला चौथ्या बागेत, श्टाटपार्कात. तिथे एका संगीतकाराचा सोनेरी पुतळा आहे, त्याच्यापुढे पर्यटक फोटो काढत असतात. आईची पाठ पुतळ्याकडे. तिचं लक्ष तळ्याकाठच्या एका माणसाकडे. तो आपल्याकडचा दिसत होता. शेजारी बादलीत गुलाब, एकेक फूल प्लॅस्टिकात गुंडाळलेलं. आई सरळ जाऊन त्याच्याशेजारी बसली.

"भैया, कहाँ का?"

"जालंधर, माताजी."

"फूल खुद का है?"

तो हसला. "खुद का क्या होगा यहाँ. शाम को होटलों में बेचता हूँ."

"तो दिनभर किधर बैठता?"

"यहीं. पार्क में. नल है, बाथरूम है, छाँव है."

"कोई भगाता नहीं?"

"बेचने पर भगाते हैं, माताजी. बैठने पर नहीं."

आईने हे वाक्य घरी येऊन ताईला सांगितलं, दाजींना सांगितलं, रात्री फोनवर वडिलांना सांगितलं. त्या तीन आठवड्यांत ती दिवसाला तीन-चार बाटल्या पाणी प्यायली. बागेतल्या नळाचं पाणी, बागेतला संडास. एके संध्याकाळी बाळाच्या पाळण्याची दोरी ओढता ओढता ती सहज म्हणाली, "आग नाय होत आता." ताईने मान वर केली. नर्सच ती. "म्हणजे आधी होत होती? किती दिवस?" मग जे काही बोलणं झालं त्यात ताई रडली. आई म्हणाली, "ओल्या बाळंतिणीनं रडू नये," आणि विषय संपवला.

परत आलो. दसरा झाला, दिवाळी झाली, बाजार सुरू होता, पाणी परत बंद. आणि मग पाडवा.

पाडव्यानंतर आई तापाने फणफणली. निफाडच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या आणि मलाच बाहेर बोलावून झापलं. म्हणाल्या, मूत्रपिंडापर्यंत गेलंय, पुढच्या खेपेला मी हमी देणार नाही. भरपूर पाणी प्यायचं, वेळच्या वेळी जायचं. जमत नसेल तर बाजार सोडायचा.

वडील लगेच म्हणाले, "सोड. व्यापारी बांधावर येऊन माल नेतो. कशाला जीव काढती?"

बाजाराच्या कडेची आईची जागा वीस-बावीस वर्षांची आहे. बाजारातली जागा कागदावर नसते, दर बाजाराला जाऊन बसण्यावर असते. महिनाभर दिसली नाही की तिथे दुसऱ्याची पाटी. ती जागा तिने मला पाठीशी बांधून धरली होती. शेतावर ती वडिलांची बायको असते, त्या जागेवर ती फुलवाली असते. गिऱ्हाईक तिचं, भाव तिचा, जीभ तिची.

मी बागांचं खातं बघणाऱ्या साहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, दुपारी उघडी ठेवली की जोड्या येतात, दारुडे झोपतात. नागरिकांच्या तक्रारी येतात."

"माझी आई कुठल्या जोडीत बसते?"

"तसं नाही म्हणायचं मला."

"मग नागरिकांमध्ये बसते का?"

त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "एक करतो. वॉचमनला सांगून ठेवतो. तुमच्या आईंना आत सोडत जाईल."

मी हे आईला येऊन सांगितलं. ती उशीला टेकून पेज पीत होती. म्हणाली, "मी एकटी आत बसू आणि मेथीवाली बाहेर? ती मला आयुष्यभर सोडंल का? बाजारात तोंड कसं दाखवू?"

मग मी पत्रक लिहिलं. मला तेच येतं. वर ठळक अक्षरात, 'व्हिएन्नात जमतं, नाशकात का नाही?' खाली त्या फाटकावरचं राजाचं वाक्य, गवताचा लढा, आणि शेवटी नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, बागांचं शहर, जे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतंच. मला ते पत्रक फार आवडलं होतं. आई बरी होऊन बाजारात परत आली त्या सकाळी मी ते रांगेत वाचून दाखवलं.

मेथीवाली जुड्या बांधत ऐकत होती. म्हणाली, "हे गाव कुठं आलं गं? चांदवडच्या पुढं का?"

"लय पुढं," आई म्हणाली.

"मग त्यांना काय पडलंय आपलं?"

लिंबंवाली म्हणाली, "छान लिहिलंय बाई. राजाचं छान हाय. पण यात आमचं काय हाय?"

मी समजावायला लागले. आईने हात वर करून मला थांबवलं. "मी सांगू का? मी पाहिलंय ते गाव. चांगलं हाय. पण माझं गाऱ्हाणं त्या गावाचं नाय. तू एवढा कागद भरला, त्यात एकदा बी लिहिलं नाय की आम्हाला लघवीला जायचंय. तेच लिही ना. सरळ."

रांगेत एकदम हशा पिकला. शेजारच्या कांदेवाल्याने मान फिरवली.

"लाजतोय बघ," मेथीवाली म्हणाली. "त्याला सांगा, बायांना बी असती ती."

मी ते पत्रक बाजूला ठेवलं. नवं सगळ्यांनी मिळून तिथेच सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं. एवढंच आहे त्यात: आम्ही बाजारात बसणाऱ्या बाया. पहाटेपासून दुपारपर्यंत आम्हाला लघवीला जागा नाही. बागेत आहे, तिला कुलूप आहे. कुलूप काढा. खाली सह्या आणि अंगठे. ते साहेबांना दिलं, नगरसेवकाला दिलं, मॉर्निंग वॉकला येणाऱ्यांनाही दिलं. साहेबांनी ठेवून घेतलं. चालणाऱ्यांपैकी एक काका म्हणाले, "अहो, आम्हाला कल्पनाच नव्हती." खरंच नसेल. सकाळी आठला बाग उघडीच दिसते.

आज हे लिहितेय तोवर बाग दुपारी बंदच आहे. आई बाजाराला जाते. मी सकाळी बाजारात जाऊन तिच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवते, ती बसला निघताना भरलेलीच असते. मी चिडले की म्हणते, "पिऊन जाऊ कुठं, ते सांग." परवा मात्र तिने वेगळंच सांगितलं. दसऱ्यापर्यंत बघते, म्हणाली. दसरा म्हणजे झेंडूचा सगळ्यात मोठा बाजार. तोवर फाटक उघडलं तर ठीक. नाहीतर जागा मेथीवालीच्या सुनेला देऊन टाकते आणि घरी बसते. अगदी शांतपणे म्हणाली, जणू विचार कधीच करून झालाय.

मला तिने घरी बसायला नको आहे. तिने पाणी प्यायला हवं आहे आणि बाजारात बसायला हवं आहे, दोन्ही. ही काही मोठी मागणी नाही. एक कुलूप आहे.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही नाशकात असा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या गावात. उद्या दुपारी बारा वाजता घरातून निघा आणि तुमच्या जवळच्या सार्वजनिक बागेच्या फाटकाशी जा. फाटक उघडं असेल तर आतल्या संडासाचं दार ढकलून बघा. कुलूप असेल तर त्याची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, त्या माणसाला तिथे बोलवा, आणि कुलूप निघेपर्यंत फाटकापासून हलू नका.